दीर्घिकांची मोजदाद : विश्वरचनेच्या वाढीचा वेध

विश्वात दीर्घिका सगळीकडे सारख्या पसरलेल्या नाहीत. कुठे शेकडो दीर्घिकांची दाटी असते, कुठे अशा दाट समूहांना जोडणाऱ्या लांबलचक माळा असतात आणि त्या माळांच्या मधोमध कोट्यवधी प्रकाशवर्षे रुंदीच्या, जवळजवळ रिकाम्या पोकळ्या असतात. ही रचना आरंभापासून अशी नव्हती. महास्फोटानंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी मोकळा झालेला प्रकाश आजही सूक्ष्मलहरींच्या रूपाने सर्व दिशांनी पृथ्वीवर येतो. त्याच्या तापमानात दिशेदिशेला लाखात एखाद्या भागाएवढाच फरक आढळतो. म्हणजे तेव्हाचे द्रव्य जवळजवळ सारखे पसरलेले होते. त्या नाममात्र उंचसखलपणातून पुढच्या सुमारे १,३८० कोटी वर्षांत आजची रचना उभी राहिली.

ही वाढ गुरुत्वाकर्षणाने घडते आणि विश्वाच्या प्रसरणामुळे मंदावते. जिथे द्रव्य थोडे जास्त असते तिथे आसपासचे द्रव्य ओढले जाते आणि मुळातले जास्त आणखी जास्त होते. उलट, प्रसरणामुळे सगळे काही एकमेकांपासून दूर जात असल्याने ही ओढ दुबळी पडते. कोणत्या काळात रचना किती वेगाने वाढली हे मोजता आले, तर या ओढाताणीत कोणाचे पारडे केव्हा जड होते तेही कळते. आणि त्यावरून विश्वात एकूण द्रव्य किती आहे, प्रसरणाला वेग देणारी कृष्णऊर्जा कशी वागते, आइन्स्टाइनचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत इतक्या मोठ्या अंतरांवरही लागू पडतो का, हे तपासता येते.

हे मोजण्याचे साधन म्हणजे दीर्घिकांचे सर्वेक्षण. आकाशाचा एक भाग ठरवायचा, त्यात ठरावीक तेजापर्यंतच्या सगळ्या दीर्घिका नोंदवायच्या आणि त्यांची मांडणी संख्याशास्त्राने तपासायची, अशी ही पद्धत आहे. तिच्या इतिहासातली सर्वांत लक्षणीय गोष्ट अशी की, ज्याला बराच काळ नकाशातला दोष मानले गेले, त्याच दोषातून शेवटी वाढीचे माप हाती आले.

अभ्रिकांच्या याद्या

विल्यम हर्शेल यांनी १७८३ पासून इंग्लंडमध्ये स्वतः घडवलेल्या दुर्बिणीतून आकाशाची पट्ट्यापट्ट्यांनी पाहणी सुरू केली. ते दुर्बिणीतून दिसेल ते सांगत आणि त्यांची बहीण कॅरोलाइन ते टिपून घेत असे. या कामातून सुमारे अडीच हजार अभ्रिका आणि तारकासमूहांची नोंद झाली. अभ्रिका म्हणजे आकाशातले धूसर ठिपके; ते नेमके काय आहेत हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. तरी त्या सर्वत्र सारख्या नाहीत, कन्या आणि अरुंधती केश या नक्षत्रांच्या बाजूला त्यांची गर्दी आहे, हे हर्शेल यांच्या ध्यानात आले होते. १८८८ मध्ये जॉन ड्रायर यांनी प्रसिद्ध केलेल्या सूचीत अशा ७,८४० नोंदी होत्या.

या ठिपक्यांपैकी सर्पिलाकृती अभ्रिका आपल्या आकाशगंगेच्या बाहेरच्या स्वतंत्र दीर्घिका आहेत, हे एडविन हबल यांनी देवयानी अभ्रिकेत १९२३ मध्ये शोधलेल्या, अंतर काढायला उपयोगी पडणाऱ्या सेफाइड प्रकारच्या ताऱ्यावरून सिद्ध झाले. त्याआधीच, १९१२ मध्ये, अमेरिकेतील लोवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांनी देवयानीचा वर्णपट घेऊन तिचा वेग मोजला होता. १९१७ पर्यंत त्यांच्याकडे २५ सर्पिल अभ्रिकांचे वेग जमले. त्यांतल्या बहुतेक आपल्यापासून दूर जात होत्या. दूर जाणाऱ्या वस्तूच्या प्रकाशातील रेषा वर्णपटाच्या तांबड्या टोकाकडे सरकतात. या सरकण्याला ताम्रसृती म्हणतात. १९२९ मध्ये हबल यांनी दाखवले की दीर्घिका जितकी लांब तितका तिचा दूर जाण्याचा वेग जास्त. या एका नियमाने सर्वेक्षणाचा पाया घातला. आकाशातली दिशा डोळ्यांना दिसतेच. वर्णपट मिळाला की ताम्रसृती कळते, ताम्रसृतीवरून अंतर कळते आणि सपाट आकाशाला खोली येते.

परंतु वर्णपट मिळवणे फार कष्टाचे होते. एकेका मंद दीर्घिकेसाठी रात्रभर, कधी अनेक रात्री, दुर्बीण त्याच जागी रोखून धरावी लागे. माउंट विल्सनवर हे काम करणारे मिल्टन ह्युमसन खेचरांवरून सामान डोंगरावर पोहोचवणारे खेचरवाले म्हणून तिथे आले होते; पुढे ते जगातले या कामातले सर्वांत निष्णात वेधकर्ते झाले. १९५६ मध्ये ह्युमसन, निकोलस मेयॉल आणि ॲलन सँडेज यांनी मिळून ताम्रसृतींचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. वीस वर्षांच्या श्रमांनंतर त्यात सुमारे ८०० दीर्घिका होत्या. मेयॉल यांचा लिक वेधशाळेतला वाटा ३०० दीर्घिकांचा होता.

काचेवरची मोजणी

अंतरे मिळत नव्हती, तोवर आकाशाच्या छायाचित्रांवर दीर्घिका मोजणे हाच मार्ग होता. हार्लो शॅप्ली आणि ॲडलेड एम्स यांच्या १९३२ च्या सूचीत १३व्या प्रतीपेक्षा तेजस्वी अशा १,२४९ दीर्घिका आल्या. हबल यांनी १९३४ मध्ये आकाशातील निवडक जागांवरच्या सुमारे ४४,००० दीर्घिका मोजल्या. फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ मध्ये अरुंधती केश समूहातील दीर्घिकांचे वेग तपासले. ते इतके जास्त होते की दिसणाऱ्या द्रव्याच्या गुरुत्वाकर्षणाने तो समूह एकत्र राहणे शक्य नव्हते. अदृश्य द्रव्याची कल्पना तिथून आली. पॅलोमार येथील ४८ इंची श्मिट दुर्बिणीने उत्तर आकाशाची छायाचित्रे घेतली आणि त्यांवरून जॉर्ज एबल यांनी १९५८ मध्ये २,७१२ दीर्घिकासमूहांची सूची तयार केली.

या काळातले सर्वांत चिकाटीचे काम कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत झाले. डोनाल्ड शेन आणि कार्ल विर्टानेन यांनी २० इंची छायाचित्रण दुर्बिणीने घेतलेल्या १,२४६ काचपट्ट्यांवरील दीर्घिका डोळ्यांनी मोजल्या. एका पट्टीवर आकाशाचा सहा अंश लांबी-रुंदीचा चौरस येत असे. तो सुमारे एक सेंटिमीटरच्या चौकटींत विभागलेला असे आणि प्रत्येक चौकट चंद्रबिंबाच्या एक तृतीयांश रुंदीइतके आकाश दाखवत असे. म्हणजे एका पट्टीवर सुमारे १,३०० चौकटी. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक चौकट आणून तिच्यातला प्रत्येक ठिपका पारखायचा: कड रेखीव असेल तर तारा, कड जराशी विरलेली असेल तर दीर्घिका. आकडा लिहायचा आणि पुढच्या चौकटीकडे जायचे. शेजारच्या पट्ट्यांच्या कडा मुद्दाम एकमेकींवर येतील अशा घेतलेल्या होत्या. त्यामुळे एकच तुकडा दोनदा मोजला जाई आणि पट्टीचा दर्जा किंवा मोजणाऱ्याची नजर कमीजास्त झाली असेल तर ते पकडता येई. १९६७ मध्ये हे काम पूर्णपणे प्रसिद्ध झाले तेव्हा सुमारे दहा लाख दीर्घिकांची गणती झाली होती.

बर्कली येथील संख्याशास्त्रज्ञ येझी नेमन आणि एलिझाबेथ स्कॉट यांनी याच गणतीवर पुंजक्यांचे गणित मांडायला घेतले. आकाशातील दीर्घिका हा निव्वळ पाहण्याचा विषय न राहता संख्याशास्त्राचा विषय झाला, तो इथून.

वाढीचे गणित

द्रव्य गुरुत्वाकर्षणाने कसे गोळा होते याचा विचार जेम्स जीन्स यांनी १९०२ मध्ये केला होता, पण त्यांचे विश्व स्थिर होते. प्रसरण पावणाऱ्या विश्वातले गणित सोव्हिएत शास्त्रज्ञ येवगेनी लिफ्शिट्झ यांनी १९४६ मध्ये सोडवले. स्थिर विश्वात पुंजका झपाट्याने वाढतो. प्रसरणाऱ्या विश्वात मात्र वाढ संथ होते. सगळे द्रव्यच असलेल्या विश्वात, विश्व जितक्या पटीने मोठे होते तितक्याच पटीने घनतेतला फरक वाढतो.

या निष्कर्षातून पुढे एक मोठी अडचण उभी राहिली. आद्य प्रकाश मोकळा झाल्यापासून विश्व सुमारे १,१०० पट मोठे झाले आहे. तेव्हा लाखात एक असलेला फरक तेवढ्याच पटीने वाढला, तर आज तो कसाबसा शेकडा एक होईल. त्यातून दीर्घिका होणारच नाहीत. यातून वाट निघते ती कृष्णद्रव्यामुळे. प्रकाशाशी देणेघेणे नसलेले हे द्रव्य आधीपासूनच गोळा होऊ लागले होते आणि साधे द्रव्य प्रकाशाच्या पकडीतून सुटताच त्याच्या खळग्यांत ओढले गेले.

प्रत्यक्ष आकाशाशी हे गणित जोडण्याचे काम प्रिन्स्टनचे जेम्स पीबल्स यांनी १९७० च्या दशकात केले. एक दीर्घिका घेतली, तर तिच्यापासून अमुक अंतरावर दुसरी सापडण्याची शक्यता सरासरीपेक्षा किती जास्त आहे, हे त्यांनी सूचींमधून काढले. लिकची गणती संगणकावर घालून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दहा लाख दीर्घिकांचा नकाशा केला. सुमारे अडीच कोटी प्रकाशवर्षांपेक्षा कमी अंतरावर दाटी ठळक असते, त्यापुढे ती वेगाने ओसरते, असे त्यातून दिसले. त्याआधीच मॉस्कोत याकोव्ह झेल्दोविच यांनी द्रव्य आधी पातळ पापुद्र्यांत गोळा होते असे गणित १९७० मध्ये मांडले होते. २०१९ मध्ये पीबल्स यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

खोलीचा नकाशा

१९७० च्या दशकाच्या अखेरीस छायाचित्राच्या काचेची जागा विद्युत संवेदकांनी घेतली आणि वर्णपट मिनिटांत मिळू लागला. १९७८ मध्ये स्टीफन ग्रेगरी आणि लेअर्ड थॉम्पसन यांनी अरुंधती केश समूहाच्या परिसरात मोठ्या पोकळ्या दाखवल्या. एस्टोनियात यान आइनास्टो यांच्या गटाने ययाति नक्षत्राकडच्या दीर्घिकांतून माळा आणि पोकळ्यांचे जाळे रेखाटले. १९८१ मध्ये भूतप नक्षत्राच्या दिशेला रॉबर्ट कर्शनर आणि सहकाऱ्यांना कोट्यवधी प्रकाशवर्षांची एक प्रचंड पोकळी सापडली.

अमेरिकेतील हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्राने ॲरिझोनातील माउंट हॉपकिन्सवरील १.५ मीटर दुर्बिणीने १९७७ ते १९८२ या काळात सुमारे २,४०० दीर्घिकांच्या ताम्रसृती मोजल्या. त्याच केंद्राच्या दुसऱ्या सर्वेक्षणाचा पहिला काप व्हॅलेरी दे लापारां, मार्गारेट गेलर आणि जॉन हुक्रा यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. सहा अंश जाडीच्या त्या कापात सुमारे १,१०० दीर्घिका होत्या. त्या पोकळ बुडबुड्यांच्या पृष्ठभागांवर बसल्यासारख्या दिसत होत्या. १९८९ मध्ये गेलर आणि हुक्रा यांनी दीर्घिकांची एक लांबच लांब भिंत दाखवली. तिला महाभिंत असे नाव पडले. विश्वाची जाळीदार रचना प्रथमच सामान्य माणसालाही एका चित्रात दिसली.

छायाचित्रांची मोजणीही थांबली नव्हती. केंब्रिजमध्ये यंत्राने काचपट्ट्या वाचून सुमारे वीस लाख दीर्घिकांची सूची तयार झाली. तिच्यात मोठ्या अंतरांवरची दाटी तेव्हाच्या सर्वमान्य प्रतिमानापेक्षा जास्त निघाली. त्यावरून जॉर्ज एफ्स्टाथिऊ, विल सदरलँड आणि स्टीव्ह मॅडॉक्स यांनी १९९० मध्ये सुचवले की विश्वात द्रव्य कमी असावे आणि उरलेला वाटा आइन्स्टाइनच्या विश्वस्थिरांकाचा, म्हणजे आजच्या भाषेत कृष्णऊर्जेचा, असावा. अतिनवताऱ्यांवरून प्रसरणाचा वेग वाढत असल्याचा शोध १९९८ मध्ये लागला, त्याच्या आठ वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

दोषातून माप

ताम्रसृतीवरून काढलेले अंतर तंतोतंत बरोबर नसते. दीर्घिकेच्या वेगात विश्वाच्या प्रसरणाचा भाग असतो, तसाच आसपासच्या द्रव्याने ओढल्यामुळे आलेला तिचा स्वतःचा वेगही असतो. वर्णपटातून दोहोंची बेरीज मिळते. त्यामुळे नकाशात दीर्घिका खऱ्या जागेपासून पुढे-मागे सरकलेली दिसते. दाट समूहांत दीर्घिका सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने इकडेतिकडे धावत असतात. म्हणून प्रत्यक्षात गोल असलेला समूह नकाशात पृथ्वीकडे रोखलेल्या लांब बोटासारखा दिसतो. खगोलशास्त्रज्ञ यांना ‘ईश्वराची बोटे’ म्हणतात. नकाशा करणाऱ्यांना ती काढून टाकण्याजोगी विकृतीच वाटे.

१९८७ मध्ये निक कायझर यांनी या विकृतीची दुसरी बाजू दाखवली. समूहाच्या बाहेर, दूरदूरच्या दीर्घिका गर्दीच्या केंद्राकडे शिस्तीने ओढल्या जात असतात. केंद्राच्या अलीकडच्या दीर्घिका केंद्राकडे जाताना आपल्यापासून दूर जातात. म्हणून त्या आहेत त्याहून लांब भासतात. पलीकडच्या दीर्घिका केंद्राकडे येताना आपल्या दिशेने येतात. म्हणून त्या आहेत त्याहून जवळ भासतात. दोन्ही बाजू केंद्राकडे सरकल्याने सगळी रचना दृष्टिरेषेच्या दिशेने चपटी दिसते. आता, ही ओढ जितकी जोराची तितका चपटेपणा जास्त. आणि ओढ जोराची असणे म्हणजेच रचना वेगाने वाढत असणे. कायझर यांनी चपटेपणा आणि वाढीचा वेग यांचे साधे सूत्र दिले. आकाशातली आडवी दिशा या विकृतीपासून मुक्त असते. तेव्हा आडवी दाटी आणि दृष्टिरेषेतली दाटी यांची तुलना केली की वाढीचा वेग मिळतो. कोट्यवधी वर्षे थांबून रचना वाढताना पाहण्याची गरज उरत नाही.

वाढीचा वेग सांगण्याची रीत अशी: विश्व शेकडा एक भागाने मोठे झाले, तर घनतेतला फरक शेकडा किती भागाने वाढतो? विश्वात फक्त द्रव्य असेल तर उत्तर येते शेकडा एक. आजच्या विश्वात द्रव्याचा वाटा सुमारे ३० टक्के आहे आणि सिद्धांतानुसार उत्तर येते शेकडा सुमारे अर्धा. कृष्णऊर्जा वाढीला किती लगाम घालते, ते या अर्ध्यावरून समजते.

एक अडथळा मात्र राहतो. दीर्घिका द्रव्याच्या शिखरांवर जन्मतात, त्यामुळे त्यांची दाटी द्रव्याच्या दाटीपेक्षा जास्त असते. हे झुकते माप किती, हे दीर्घिकांच्या प्रकारावर अवलंबून असते. चपटेपणातून मिळणारा आकडा म्हणजे वाढीचा वेग भागिले हे झुकते माप. पुढे दोन्ही गोष्टी वेगळ्या काढण्याऐवजी वाढीचा वेग आणि द्रव्याच्या दाटीची तीव्रता यांचा गुणाकार देण्याची पद्धत रूढ झाली. त्यात झुकत्या मापाचा प्रश्न येत नाही. दाटीची तीव्रता सुमारे ३ कोटी ७० लाख प्रकाशवर्षे त्रिज्येच्या गोलांत मोजतात. असा गोल विश्वात कुठेही ठेवला, तर त्यातील द्रव्य सरासरीपेक्षा साधारण किती कमीजास्त असेल, हे ती सांगते. आज ती सुमारे ०.८ आहे.

एकाच वेळी शेकडो

कायझर यांचे सूत्र हाती होते, पण चपटेपणा स्पष्ट दिसायला लाखभर दीर्घिका लागतात. एकेक दीर्घिका घेऊन हे होण्यासारखे नव्हते. यावर तोड म्हणून काचेचे बारीक तंतू म्हणजे फायबर वापरात आले. दुर्बिणीच्या नाभीप्रतलात प्रत्येक दीर्घिकेच्या जागी एकेक फायबर धरले की सगळ्यांचा प्रकाश एकाच वेळी वर्णपटमापकात जातो.

ऑस्ट्रेलियातील सायडिंग स्प्रिंग येथील ३.९ मीटर दुर्बिणीवर ४०० फायबर बसवण्यात आले. एका पटलावरचे फायबर यंत्रमानव मांडत असे, तेवढ्यात दुसऱ्या पटलावरून वेध चाललेले असत. १९९७ ते २००२ या काळात या उपकरणाने २,२१,४१४ दीर्घिकांच्या ताम्रसृती मिळवल्या. जॉन पीकॉक आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये यातून चपटेपणा निःसंदिग्धपणे मोजला. त्यांचा आकडा ०.४३ होता, चूक ०.०७ च्या आत. द्रव्याचा वाटा सुमारे ३० टक्के असल्याच्या अनुमानाशी तो जुळला.

न्यू मेक्सिकोतील अपाची पॉइंट येथील २.५ मीटर दुर्बिणीवरचे स्लोन सर्वेक्षण २००० मध्ये सुरू झाले. इथली पद्धत हाताने करायची होती. आधी छायाचित्रांवरून दीर्घिका निवडल्या जात. मग त्यांच्या जागांनुसार ॲल्युमिनियमच्या गोल तबकडीला सिॲटलमध्ये भोके पाडली जात. एका तबकडीत वर्णपटासाठी ६४० भोके असत, आणि ती तबकडी आकाशाच्या एकाच तुकड्यासाठी उपयोगी पडे. दिवसा वेधशाळेतले तंत्रज्ञ तबकडी समोर ठेवून एकेक फायबर एकेका भोकात खोवत. कोणते फायबर कोणत्या भोकात गेले हे नंतर प्रकाश सोडून यंत्राने तपासले जाई, म्हणून खोवताना क्रम पाळण्याची गरज नसे. रात्री तबकडी दुर्बिणीला लावली की १५ मिनिटांचे तीन वेध घेतले जात आणि पाऊण तासात ६४० वर्णपट तयार होत. फायबरच्या जाडीमुळे आकाशात ५५ विकलांपेक्षा जवळ असलेल्या दोन दीर्घिका एकाच तबकडीवर घेता येत नसत. जिथे दाटी सर्वांत जास्त, तिथलीच नोंद यामुळे अपुरी राही. ती तूट गणिताने भरून काढावी लागे. सर्वेक्षणातले बरेचसे कौशल्य अशा तुटी ओळखण्यात खर्ची पडते.

२००५ मध्ये डॅनियल आयझेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी स्लोनच्या ४६,७४८ तेजस्वी तांबड्या दीर्घिकांमध्ये सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षांच्या अंतरावर दाटीचा एक छोटा उंचवटा दाखवला. आद्य विश्वातील ध्वनिलहरींची ती खूण होती. ऑस्ट्रेलियातील सर्वेक्षणातही त्याच वर्षी ती दिसली. या खुणेची लांबी ठाऊक असल्याने तिचा उपयोग मोजपट्टीसारखा होतो. एकाच सर्वेक्षणातून प्रसरणाचा इतिहास आणि वाढीचा इतिहास असे दोन्ही मिळू लागले.

काळाच्या मागे

दूरची दीर्घिका म्हणजे जुन्या काळची दीर्घिका. म्हणून खोल सर्वेक्षण केले की वाढीचा वेग वेगवेगळ्या काळांत तपासता येतो. २००८ मध्ये लुइजी गुत्झो आणि सहकाऱ्यांनी चिलीतील अतिविशाल दुर्बिणीच्या वेधांवरून सुमारे ७०० कोटी वर्षांपूर्वीचा चपटेपणा मोजला. कृष्णऊर्जा खरोखर आहे, की गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलायला हवा, हा प्रश्न वाढीच्या वेगावरून सोडवता येईल, हे त्यांनी स्पष्ट केले. दोन्ही पर्यायांत प्रसरण सारखे असू शकते, वाढ मात्र वेगळी असते. मापनातली चूक अजून मोठी होती, पण दिशा ठरली. ऑस्ट्रेलियातील पुढच्या सर्वेक्षणाने २०११ पर्यंत सुमारे दोन लाख दूरस्थ निळ्या दीर्घिका मोजल्या.

२०१० मध्ये राइनाबेल रेयेस आणि सहकाऱ्यांनी स्लोनच्या सुमारे ७०,००० दीर्घिकांची दाटी, त्यांच्या वेगांची विकृती आणि त्यांच्यामागून येणाऱ्या प्रकाशाचे वाकणे एकत्र करून गुरुत्वाकर्षणाची कसोटी घेतली. झुकते माप या कसोटीत आपोआप गळून पडते. निकाल आइन्स्टाइनच्या सिद्धांताशी सुसंगत आला. स्लोनच्या दुर्बिणीवरच २००९ ते २०१४ या काळात १,००० फायबरचे नवे सर्वेक्षण झाले. त्यातील सुमारे १२ लाख दीर्घिकांवरून तीन वेगवेगळ्या काळांतला वाढीचा वेग काढला गेला. पूर्वी वाढ जोमाने होत होती आणि अलीकडे ती मंदावली आहे, हे चित्र सिद्धांताप्रमाणेच निघाले.

वाकलेल्या प्रकाशाची साक्ष

वाढ मोजण्याचा दुसरा मार्ग गुरुत्वीय भिंगाचा आहे. दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश वाटेतल्या द्रव्यामुळे किंचित वाकतो आणि तिचा आकार जरासा ताणला जातो. एका दीर्घिकेत हे ओळखता येत नाही. लाखो दीर्घिकांच्या आकारांत एकसारखा कल दिसला की वाटेतल्या सगळ्या द्रव्याचे माप मिळते, मग ते दिसो वा न दिसो. २००० मध्ये चार स्वतंत्र गटांनी हा परिणाम प्रथम मोजला. पुढे चिलीतून युरोपीय गटाने केलेल्या पाहणीत, चिलीतूनच झालेल्या कृष्णऊर्जा सर्वेक्षणात आणि हवाईतील सुबारू दुर्बिणीच्या सर्वेक्षणात कोट्यवधी दीर्घिकांचे आकार मोजले गेले.

त्यातून एक पेच निर्माण झाला. आद्य प्रकाशाचे प्लँक उपग्रहाने घेतलेले मोजमाप पुढे चालवले, तर आजच्या दाटीचे एक विशिष्ट माप सुमारे ०.८३ यायला हवे. भिंगांवरून ते ०.७६ ते ०.७८ येत होते; म्हणजे विश्व अपेक्षेपेक्षा थोडे कमी गोळा झालेले दिसत होते. युरोपीय गटाच्या २०२५ च्या अंतिम विश्लेषणात, अंतरांची अधिक काटेकोर पारख केल्यावर, हा आकडा सुमारे ०.८२ आला आणि त्या गटापुरता पेच जवळजवळ मिटला. दीर्घिकांची अंतरे आणि आकार यांतली बारीक चूक निष्कर्ष कसा फिरवू शकते, याचे हे मोठे उदाहरण आहे.

पुण्याचा सहभाग

या विषयात महाराष्ट्राचा खरा वाटा आहे तो पुण्यातील आयुका या संस्थेमुळे. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने ती १९८८ मध्ये स्थापन झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून १९९२ मध्ये आयुकात आलेले थानू पद्मनाभन यांनी रचनेच्या निर्मितीवर १९९३ मध्ये लिहिलेले पाठ्यपुस्तक जगभर वापरले गेले. घनतेतला फरक इतका वाढतो की साधे गणित लंगडे पडते, त्या टप्प्यावर वरुण साहनी यांनी काम केले.

२०१७ मध्ये आयुका आणि पुण्यातीलच आयसर या संस्थांच्या संशोधकांनी, जयदीप बागची यांच्या नेतृत्वाखाली, स्लोन सर्वेक्षणातील नोंदींत मीन नक्षत्राच्या दिशेला एक महासमूह शोधला आणि त्याला ‘सरस्वती’ हे नाव दिले. तो सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे आणि ६० कोटी प्रकाशवर्षांहून अधिक पसरलेला आहे. आज दिसणारा त्याचा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचे वय १,००० कोटी वर्षांच्या आसपास होते; तेवढ्या काळात इतकी मोठी रचना कशी आकाराला आली, हा प्रश्न वाढीच्या सिद्धांतापुढे त्याने ठेवला. सुबारू सर्वेक्षणाच्या २०२३ च्या निष्कर्षांतही आयुकातील सुरहुद मोरे यांचा प्रमुख सहभाग होता.

सध्याची स्थिती

ॲरिझोनातील किट पीक येथे ४ मीटर व्यासाची दुर्बीण आहे. तिला निकोलस मेयॉल यांचे नाव दिलेले आहे. २०२१ च्या मे महिन्यापासून या दुर्बिणीवर ५,००० यंत्रचालित फायबरचे उपकरण सर्वेक्षण करत आहे. प्रत्येक फायबर छोट्या यंत्रमानवाच्या बोटात धरलेले असते आणि काही मिनिटांत सगळे नव्या जागी येतात. मेयॉल यांना ३०० ताम्रसृतींसाठी वीस वर्षे लागली होती. त्यांच्या नावाची दुर्बीण एका चांगल्या रात्रीत लाखभर दीर्घिकांचे वर्णपट घेते.

या सर्वेक्षणाच्या पहिल्या वर्षातील सुमारे ६० लाख दीर्घिका आणि क्वेसार, म्हणजे अतितेजस्वी दीर्घिकाकेंद्रे, यांवरून वाढीचा वेग काढला गेला आणि तो नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. गेल्या १,१०० कोटी वर्षांतली रचनेची वाढ सामान्य सापेक्षता सिद्धांताप्रमाणेच झाली असल्याचे त्यातून दिसले. मार्च २०२५ मध्ये १.४ कोटींहून अधिक दीर्घिका आणि क्वेसारांमधील ध्वनिलहरींच्या खुणा मोजून प्रसरणाचा इतिहास मांडला गेला. इतर निरीक्षणांच्या जोडीने पाहता कृष्णऊर्जा काळानुसार क्षीण होत असावी, असा संकेत त्यात आहे. तो अजून शोध म्हणण्याइतका पक्का नाही. तो खरा असेल तर रचनेच्या वाढीतही त्याची खूण दिसायला हवी, कारण कृष्णऊर्जेचा लगाम कमीजास्त झाला की वाढही कमीजास्त होते. म्हणून प्रसरणाच्या प्रत्येक निष्कर्षाला वाढीच्या मोजमापाची पडताळणी लागते.

त्यासाठीची पुढची साधने कामाला लागली आहेत. १ जुलै २०२३ रोजी अवकाशात गेलेला युरोपचा युक्लिड उपग्रह आकाशाचा सुमारे एक तृतीयांश भाग पाहून दीर्घिकांचे आकार आणि ताम्रसृती दोन्ही मोजत आहे. चिलीतील सेरो पाचोन येथील ८.४ मीटर दुर्बिणीच्या व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये आपली पहिली छायाचित्रे प्रसिद्ध केली. ती दक्षिण आकाश दहा वर्षे पुन्हा पुन्हा टिपणार आहे. एका साधनाने दाटी, दुसऱ्याने चपटेपणा आणि तिसऱ्याने प्रकाशाचे वाकणे मोजायचे, आणि तिन्हींचा ताळा जुळतो का ते पाहायचे, ही आता या शास्त्राची रूढ कार्यपद्धती झाली आहे. लिकच्या काचपट्ट्यांवर एकच चौकट दोनदा मोजून पाहण्यामागेही हाच विचार होता.